कागदकलेचे प्रदर्शन आणि मैत्रिणींची सोबत : वाचकांचे प्रश्न

हस्तकला-साहित्याच्या प्रदर्शनांना मैत्रिणींसह जाण्याविषयी वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहे. पत्रे लांबलचक होती. त्यांचा गाभा तेवढा येथे घेतला आहे.

प्रश्न : आम्ही चार मैत्रिणी एकत्र बसून क्विलिंग (कागदाच्या पट्ट्या गुंडाळून केलेली नक्षी), शुभेच्छापत्रे आणि स्क्रॅपबुकचे (फोटो चिकटवून सजवलेल्या वहीचे) काम करतो. एका मोठ्या व्यापारी प्रदर्शनाची जाहिरात पाहिली, पण नोंदणीच्या अर्जात व्यवसायाचा पुरावा मागितला आहे. आमच्यापैकी एकटीच कार्डे विकते. बाकीच्यांना जाता येईल का?

उत्तर : प्रदर्शन कोणासाठी भरवले आहे, हे आधी नीट पाहून घ्यावे. काही प्रदर्शनांत उत्पादक आणि वितरक दुकानदारांना येत्या हंगामाचा माल दाखवतात, ऑर्डर नोंदवून घेतात आणि माल मागाहून पाठवतात. फ्रँकफर्टला भरणारे ‘क्रिएटिव्हवर्ल्ड’ हे अशा प्रकारचे, केवळ व्यावसायिकांसाठी असलेले प्रदर्शन आहे. दुसरीकडे, तिकीट काढून कोणीही जावे, साहित्य हाताळून पाहावे आणि तिथल्या तिथे विकत घ्यावे, अशीही प्रदर्शने असतात. तुमच्या गटाला खरेदी करायची असेल, तर हा दुसरा प्रकारच तुमच्यासाठी योग्य आहे.

व्यापारी प्रदर्शनालाच जायचे असेल, तर विक्री करणाऱ्या मैत्रिणीने आपल्या कागदपत्रांसह नोंदणी करावी आणि एका व्यवसायामागे किती जणांना प्रवेशपत्र मिळते, हे आयोजकांना विचारावे. ज्या तिच्या कामात खरोखर हात लावतात, त्यांचीच नावे तिने द्यावीत. दुसरीच्या नावाचे प्रवेशपत्र गळ्यात अडकवून आत जाऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. स्टॉलवरचा माणूस तुम्हाला दुकानदार समजून किमान ऑर्डर, घाऊक सवलत आणि माल पोहोचण्याची मुदत समजावून सांगत असतो. तो वेळ त्याने एखाद्या खऱ्या ग्राहकाला दिला असता. शिवाय अशा ठिकाणी मांडलेला माल बहुधा नमुन्यापुरता असतो, त्यामुळे आवडलेला एकच पॅक मागितला तरी तो मिळेलच असे नाही. लहान मुलांना सोबत न्यायचे असेल, तर वयाची अट आधीच वाचून घ्यावी.

प्रश्न : मागच्या प्रदर्शनात आम्ही पाच जणी दिवसभर एकमेकींना धरून फिरलो. एकीने घेतले ते सगळ्यांनी घेतले. आता प्रत्येकीकडे कागदातून आकार कापणारे तेच पंच आणि तेच रबरी शिक्के आहेत, आणि त्यांतले निम्मे अजून पाकिटातून बाहेरही निघालेले नाहीत. एका मैत्रिणीला फार चालवत नाही, तिची तर फरफटच झाली. यंदा काय वेगळे करावे?

उत्तर : यंदा प्रदर्शनात शिरल्यावर वेगवेगळ्या वाटांनी जा. पाच जणी एकत्र फिरतात तेव्हा पाच जणींचे डोळे एकच स्टॉल पाहतात आणि गटाने येण्याचा मोठा फायदा वाया जातो. कागदकाम करणाऱ्यांच्या गटात प्रत्येकीचा हात वेगळ्या कामात बसलेला असतो. जिचे क्विलिंग चांगले आहे तिला पट्टीची कड एकसारखी कापली आहे की नाही हे एका नजरेत कळते, आणि जी शिक्के वापरते तिला शाईपॅड दाबताच ओल किती आहे ते समजते. म्हणून प्रदर्शनाचा नकाशा आदल्या दिवशी समोर घेऊन प्रत्येकीने आपापली बाजू वाटून घ्यावी. पहिल्या फेरीत कोणीही काही विकत घेऊ नये. स्टॉलचा क्रमांक, वस्तूचे नाव आणि ती कोणत्या कामासाठी हवी आहे, एवढेच वहीत लिहावे.

मग ठरलेल्या वेळी एके ठिकाणी बसावे आणि प्रत्येकीने आपल्या नोंदी मोठ्याने वाचून दाखवाव्यात. ‘हे तुला कशासाठी हवे आहे?’ हा प्रश्न मैत्रीण विचारते तेव्हा त्याचे उत्तर द्यावेच लागते, आणि ज्या वस्तूला उत्तर सापडत नाही ती आपोआप यादीतून गळते. त्याच बैठकीत कोणती वस्तू गटात एकच पुरेल, हेही ठरते. मोठा पंच, कोपरे गोल करणारे कटर किंवा स्कोअरिंग बोर्ड (घडीची रेघ पाडण्याची पाटी) प्रत्येकीकडे असण्याची काहीच गरज नाही. कागदाच्या मोठ्या पॅकमधील कागद वाटून घेता येतात. कापण्याच्या यंत्रासाठी विकत घेतलेल्या डिजिटल फाइलींची गोष्ट मात्र वेगळी असते. त्या बहुधा एका खरेदीदाराच्या वापरासाठीच दिलेल्या असतात, म्हणून परवान्याचा मजकूर वाचल्याशिवाय त्या एकमेकींना पाठवू नयेत.

ज्या मैत्रिणीला फार चालवत नाही, तिला मागे ओढत नेऊ नका आणि एका कोपऱ्यात पिशव्या राखायलाही बसवू नका. तिच्याकडे प्रात्यक्षिके सोपवा. प्रदर्शनात ठिकठिकाणी बसून शिकण्याची छोटी सत्रे असतात. सगळे साहित्य समोर मांडलेले असते आणि आपण केलेली वस्तू घरी नेता येते. या सत्रांच्या जागा थोड्या असतात आणि सकाळीच भरतात, म्हणून नावे आल्या आल्या नोंदवावीत. माझ्या मते प्रदर्शनात यापेक्षा मोलाचे काही नसते. बाकीच्यांनीही एखादे सत्र करावे, पण सगळ्यांनी एकाच सत्राला बसू नये. प्रत्येकीने वेगळे तंत्र शिकावे आणि पुढच्या बैठकीत इतरांना शिकवावे. शिकवायचे आहे हे ठाऊक असले की आपण प्रात्यक्षिक करणाऱ्याच्या बोटांकडे निराळ्या बारकाईने पाहतो : तो कागद कुठे धरतो, गोंद कडेपासून किती आत लावतो, आणि वाळण्यासाठी किती थांबतो.

प्रश्न : कागदाच्या स्टॉलवर गेले की सगळेच कागद सुंदर दिसतात. घरी आणल्यावर मात्र कोणी घडीवर फुटतो, तर कोणी काही महिन्यांत पिवळा पडतो. स्टॉलवर उभ्या उभ्या चांगला कागद ओळखण्याची काही रीत आहे का?

उत्तर : आहे, आणि तीत हातांचे काम डोळ्यांपेक्षा जास्त आहे.

सुरुवात जीएसएमपासून करावी. एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन म्हणजे जीएसएम. ए४ आकाराचा कागद चौरस मीटरचा सोळावा भाग असतो, त्यामुळे ८० जीएसएमचा एक ए४ कागद ५ ग्रॅम भरतो आणि २४० जीएसएमचा १५ ग्रॅम. उभे राहणाऱ्या कार्डाच्या पायासाठी साधारण २२० ते ३०० जीएसएमचा कार्डस्टॉक, म्हणजे जाड ताठ कागद, लागतो. वरच्या थरांसाठी त्याहून हलका कागद चालतो, आणि क्विलिंगच्या पट्टीला १०० ते १२० जीएसएमच्या आसपासचा कागद बरा पडतो. मात्र जीएसएम म्हणजे जाडी नव्हे. दाबून गुळगुळीत केलेला आणि सैल, फुगीर असे दोन कागद एकाच वजनाचे असूनही हाताला अगदी वेगळे लागतात.

घडीवर कागद फुटतो त्याचे मुख्य कारण ग्रेन, म्हणजे कागदातील तंतूंची दिशा, हे असते. यंत्रावर कागद तयार होताना त्याचे बरेचसे तंतू यंत्राच्या दिशेने लांबीत बसतात. घडी त्या दिशेला समांतर पडली तर ती सरळ आणि स्वच्छ बसते; आडवी पडली तर तंतू मोडतात आणि रंगाचा किंवा चकाकीचा थर भेगाळतो. स्टॉलवर परवानगी घेऊन नमुन्याचा कागद दोन्ही हातांत धरावा आणि घडी न पाडता, आधी लांबीकडून आणि मग रुंदीकडून हलकेच वाकवावा. ज्या दिशेने तो कमी विरोध करत वाकतो, त्या वाकलेल्या कमानीच्या कण्याला समांतर ग्रेन असतो. हा फरक जाड कागदात अगदी स्पष्ट जाणवतो. मैत्रिणींनी डोळे मिटून एकामागून एक हे करून पाहावे; दोन-तीन कागदांत हाताला सवय होते. घरी गेल्यावर घडी घालण्याआधी बोन फोल्डरने (घडी दाबण्याच्या बोथट पट्टीने) रेघ पाडून घेतली, तर आडव्या ग्रेनचा कागदही बराच सांभाळून घेतो.

रंगीत कार्डस्टॉक घेताना नमुन्याचा कोपरा फाडून पाहू देतात का, ते विचारावे. फाटलेल्या कडेला पांढरा गाभा दिसला, तर रंग फक्त वरच्या थराला आहे. असा कागद घडीवर आणि कापलेल्या कडेवर पांढरी रेघ दाखवतो. वरून सँडपेपर फिरवून मुद्दाम जुना लुक द्यायचा असेल तेव्हा मात्र तोच कागद हवा असतो. आतपर्यंत एकच रंग असलेला कागद घडीच्या कार्डाला उत्तम. घरच्या ज्या कागदांशी रंग जुळवायचा आहे, त्यांचे छोटे तुकडे कार्डावर चिकटवून सोबत न्यावेत, कारण दालनातील दिव्यांखाली एकसारखे वाटलेले दोन रंग दिवसाच्या उजेडात वेगळे दिसू शकतात.

पिवळेपणाचा संबंध आम्ल आणि लिग्निनशी आहे. लाकडातील लिग्निन न काढलेला कागद उजेडात लवकर पिवळा पडतो; वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडतो तो त्याचमुळे. कागदात आम्ल असेल तर तंतू हळूहळू ठिसूळ होत जातात. पाकिटावर ‘आम्लरहित’ आणि ‘लिग्निनरहित’ हे दोन्ही उल्लेख आहेत का, ते पाहावे. दीर्घकाळ टिकणाऱ्या कागदासाठी आयएसओ ९७०६ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे; त्यात आम्लाचा मारा सोसण्यासाठी कागदात कॅल्शियम कार्बोनेटसारख्या अल्कधर्मी द्रव्याचा साठा असण्याची अट आहे. नुसता ‘आर्काइव्हल’ (दीर्घकाळ टिकणारा) हा शब्द छापलेला असेल तर कोणत्या मानकानुसार, असे विक्रेत्याला विचारावे. छायाचित्रांच्या अल्बमसाठी कागदाबरोबर प्लास्टिकचे खिसेही तपासावेत. पीव्हीसीचे टाळावेत, पॉलिप्रोपिलीनचे किंवा पॉलिस्टरचे घ्यावेत. रोजच्या सरावाच्या कामासाठी इतकी चिकित्सा लागत नाही. जे काम कोणाला भेट म्हणून द्यायचे आहे किंवा ज्यात घरातील फोटो चिकटवायचे आहेत, तिथे मात्र ती जरूर करावी.

प्रश्न : आम्ही तिघींनी मिळून प्रदर्शनात डाय-कटिंग मशीन (डाय म्हणजे धातूचा साचा, तो दाबून कागद आकारात कापणारे यंत्र) घ्यायचे ठरवले आहे. काय पाहावे? आणि भागीत घेणे बरोबर आहे का?

उत्तर : प्रात्यक्षिक करणारा जो कागद कापून दाखवतो, तो त्या यंत्रात सुरेख कापला जाणार हे उघडच आहे. म्हणून तुमच्या नेहमीच्या वापरातील दोन-तीन प्रकारचे कागद सोबत न्या आणि नाजूक नक्षीची डाय लावून तेच कापून दाखवायला सांगा. नक्षी एकदाच फिरवून पूर्ण सुटते की कोपऱ्यांत अडकून राहते, ते पाहा. पातळ धातूच्या डायने बहुधा एका वेळी कार्डस्टॉकचा एकच थर कापावा. जाड, पोलादी पात्याच्या डाय अनेक थर कापतात, पण त्या सगळ्या यंत्रांत जात नाहीत. डाय आणि कागद ज्यांच्यामध्ये ठेवून यंत्रातून फिरवतात त्या प्लेटांचा थर कसा रचायचा हे प्रत्येक यंत्रात वेगळे असते, म्हणून एम्बॉसिंग फोल्डरसाठी (कागदावर उठावाची नक्षी दाबणाऱ्या साच्यासाठी) आणि डायसाठी तो स्वतः रचून पाहा. कापण्याच्या प्लेटा वापराने वाकतात आणि बदलाव्या लागतात, तेव्हा त्या सुट्या मिळतात का हे आधीच विचारा. संगणकावर चालणारे यंत्र घेणार असाल, तर इंटरनेटशिवाय ते चालते का आणि आपण स्वतः काढलेली चित्रे त्याला जास्तीचे पैसे न भरता देता येतात का, हे दोन प्रश्न चुकवू नका.

भागीत घेण्याला माझी हरकत नाही. पण यंत्र कोणाकडे राहील, प्लेटांचा खर्च कोण करील आणि एखादी मैत्रीण गावाबाहेर राहायला गेली तर तिचा वाटा कसा द्यायचा, हे विकत घेण्यापूर्वी कागदावर लिहून काढावे. हे लिहिताना अवघड वाटत असेल, तर एकीने यंत्र घ्यावे आणि दुसऱ्या दोघींनी त्यात बसतील अशा डाय घ्याव्यात. डाय ज्याच्या त्याच्या मालकीच्या राहतात आणि बैठक एकत्रच होते. मला स्वतःला हाच मार्ग अधिक पसंत आहे.

प्रश्न : स्टॉलवर मांडलेल्या तयार कार्डांचे फोटो काढून घरी तशीच कार्डे केली तर चालते का? ती विकली तर?

उत्तर : फोटो काढण्यापूर्वी विचारावे. बरेच विक्रेते आनंदाने हो म्हणतात, कारण ती कार्डे त्यांचेच साहित्य वापरून केलेली असतात. काही जण नको म्हणतात, आणि त्यावर वाद घालू नये. घरच्या सरावासाठी रचना पाहून करणे हा शिकण्याचा जुनाच मार्ग आहे. विक्रीची बाब निराळी आहे. शिक्क्यावरील चित्राचा हक्क चित्रकाराचा किंवा कंपनीचा असतो. हाताने उमटवलेली कार्डे विकण्याची मुभा अनेक कंपन्या देतात, पण त्याच चित्राच्या छापील प्रती काढण्याची सहसा देत नाहीत, आणि प्रत्येकीचे नियम वेगळे असतात. ज्या मैत्रिणीची विक्री आहे तिने स्टॉलवरच हे नियम लेखी मागून घ्यावेत. मालकाशी समोरासमोर बोलण्याची संधी असते, ती दवडू नये.

प्रश्न : मोठे कागद न दुमडता आणायचे कसे?

उत्तर : आधी वजनाचा अंदाज घ्या. बारा इंची चौरस आकाराचा २५० जीएसएमचा एक कागद २३ ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे असे शंभर कागद सव्वादोन किलोंहून जास्त होतात. म्हणून कागदाची खरेदी शेवटच्या फेरीत करावी. कागदापेक्षा थोडे मोठे दोन जाड पुठ्ठे आणि रुंद रबर घरूनच न्यावेत. कागद त्यांच्यामध्ये ठेवून पिशवी उभी धरली की कोपरे वाचतात. जाड कागदाची गुंडाळी करू नये, कारण त्याला पडलेला बाक सहज जात नाही. हाताने बनवलेला पातळ कागद मात्र रुंद नळकांड्यात सैल गुंडाळून आणता येतो. घरी आल्यावर लगेच कापायला घेऊ नका. पाकीट उघडून कागद सपाट पसरावेत, वर वजन ठेवावे आणि रात्रभर खोलीच्या हवेशी त्यांना जुळू द्यावे; दमटपणा बदलला की कागद ग्रेनला आडव्या दिशेने किंचित फुगतो किंवा आकसतो, आणि घाईने घेतलेले माप दुसऱ्या दिवशी जुळत नाही.