दहा महागड्या वस्तू बंद करण्याआधी रुग्णवार हिशेब मांडा

ताई, घरोघरी सेवा देणाऱ्या तुमच्या परिचारिकांच्या टीमचा औषधं आणि ड्रेसिंगचा खर्च वर्षभरात बराच वाढलाय, आणि वरून 'सगळ्यात महागड्या दहा वस्तू बंद करा' असा आग्रह आहे. माझं स्पष्ट मत आहे की तसं करू नका.

एकूण बिलावरून फार थोडं कळतं. रुग्ण वाढले की ते वाढणारच. हॉस्पिटलातून लवकर घरी सोडलेले, जास्त आजारी रुग्ण आले तरी वाढणार. प्रत्येक वस्तू कोणाला दिली, कशासाठी दिली, किती दिवस चालली आणि कधी थांबवायची हे कुठे लिहिलंय का, ते बघा. औषधांच्या वापराची तुलना करायला जागतिक आरोग्य संघटनेचं डीडीडी हे माप आहे, म्हणजे त्या औषधाच्या मुख्य उपयोगासाठी प्रौढाला लागणारा रोजचा सरासरी डोस. पण ड्रेसिंग, कॅथेटर (लघवीची नळी), त्वचेवर लावायची मलमं यांना ते लागू होत नाही, आणि आपल्या कामात बऱ्याचदा मोठा खर्च त्यांचाच असतो.

पायावरचा व्हेनस अल्सर, म्हणजे शिरांमधून रक्त नीट परत न गेल्याने होणारी जुनाट जखम, घ्या. तो भरतो मुख्यतः नीट दाब देणाऱ्या बँडेजमुळे. आत कोणतं ड्रेसिंग आहे हे दुय्यम. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या 'व्हल्कन' चाचणीत चांदीयुक्त आणि साध्या ड्रेसिंगमध्ये १२ आठवड्यांनी जखम भरण्यात फरक दिसला नाही, खर्च मात्र चांदीच्या ड्रेसिंगचा जास्त झाला. तरी ती का लिहिली जातात? दाब देण्याआधी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून गुणोत्तर काढावं लागतं, ते ०.८ च्या खाली आलं तर पूर्ण दाब देता येत नाही. त्यासाठी डॉप्लर, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह ऐकणारं छोटं यंत्र, हवं, शिकलेला हात हवा, सवडीने करायची भेट हवी. हे मिळत नाही, जखम भरत नाही, मग हातात असलेली एकच गोष्ट बदलली जाते: ड्रेसिंग. घरात जाऊन कपाट उघडा. अर्धवट वापरलेली तीन-चार प्रकारची खोकी दिसतील, कारण दर वेळी प्रकार किंवा माप बदललं आणि दर वेळी अख्खं खोकं आलं. वाया जाणारा पैसा इथे आहे.

उलट, महागडं फोम ड्रेसिंग योग्य जखमेवर तीन-चार दिवस टिकतं. त्याजागी रोज बदलायचं गॉज आणलंत तर भेटी तिप्पट-चौपट होतील. परिचारिकेचा वेळ औषधाच्या बिलात दिसत नाही, म्हणून तो फुकट ठरत नाही. तुमच्या अहवालात दर जखमेमागे ड्रेसिंग अधिक भेटी असा एकत्र आकडा ठेवाच.

गोळ्यांकडे बघताना साखळी शोधा. रक्तदाबाच्या अम्लोडिपिनने पाय सुजू शकतात, सुजेसाठी लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड लिहिलं जातं, त्याने लघवीची घाई होते, मग ती घाई कमी करायला ऑक्सिब्युटिनिन येतं, त्याने बद्धकोष्ठता, मग पोट साफ करायला लॅक्ट्युलोज, शेवटी डायपर. यातली एकही वस्तू महागड्या दहांत बसणार नाही, पण म्हातारं माणूस या सगळ्याच्या ओझ्याखाली असतं. ही साखळी सगळ्यांत आधी परिचारिकेला दिसू शकते, कारण गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या एका डब्यात तीच बघते. गोळी परस्पर बंद करायची नाही. कोणती कधी सुरू झाली ते तारखेने मांडून डॉक्टरांना दाखवायचं.

अँटिबायोटिकचंही बघा. बराच काळ कॅथेटर असलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत महिन्याभरात जंतू सापडतात. ताप नाही, त्रास नाही, फक्त डिपस्टिक (लघवीत बुडवायची तपासणी-पट्टी) पॉझिटिव्ह म्हणून कोर्स दिला असेल तर तो खर्चही आहे आणि नुकसानही.

आणखी एक अडचण येईल. प्रिस्क्रिप्शनवर डॉक्टरांचं नाव असतं, पण ड्रेसिंग बऱ्याचदा परिचारिकेने निवडलेलं असतं. ब्रिटनमध्ये परिचारिकांना औषधं लिहून देण्याचा अधिकार देणारा कायदा १९९२ सालीच झाला. जिथे तसं नाही तिथे नुसत्या नावावरून काढलेला निष्कर्ष चुकीच्या माणसाकडे बोट दाखवतो. म्हणून निवड कोणाची होती हा रकाना वेगळा ठेवा.

सगळ्या फायली लगेच काढायची गरज नाही. ज्यांची जखम तीन महिने उलटूनही भरलेली नाही, त्यांच्यापासून सुरू करा आणि डॉप्लर झालाय का हे सगळ्यात आधी बघा.