बडोद्यात राहून सह्याद्रीतल्या अ‍ॅडव्हेंचर रेसचा सराव तिघांनी मिळून कसा करावा?

प्रश्न थोडक्यात असा : बडोद्यातले तिघे, दोन मुलगे आणि एक मुलगी, फेब्रुवारीत पुण्याजवळच्या डोंगरात होणाऱ्या हौशी शर्यतीत पहिल्यांदाच उतरताहेत. सायकल, डोंगरचाल, नकाशा आणि थोडं पाणी, असा दोन दिवसांचा कार्यक्रम आहे. आत्ता सप्टेंबर संपतोय. एकजण जोरात पळतो, दुसरा सायकलवर तरबेज, तिसरी दोन्हींत मध्यम. गावात डोंगर नाही आणि नदीत उतरायची सोय नाही.

उत्तर :

तुमच्यातल्या पळणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की त्याची दहा किलोमीटरची वेळ इथे कोणी विचारणार नाही. एंड्युरो-३ सारख्या शर्यतीत संघ तिघांचा असतो आणि चेकपॉइंटवर (वाटेत गाठायच्या ठरलेल्या ठिकाणी) तिसरा माणूस पोहोचतो तीच संघाची वेळ. एकमेकांपासून फार लांब गेलात तर बहुतेक शर्यतींत दंडही बसतो. त्यामुळे सर्वांत वेगवानाला आणखी वेगवान करणारा सराव जवळजवळ फुकट जातो. तिघांमधलं अंतर कमी करणं आणि थांबण्यातला वेळ वाचवणं, कमाई या दोन ठिकाणी आहे.

साधा हिशेब बघा. बारा तासांच्या दिवसात दर तासाला पाच मिनिटं जास्तीची थांबलात (बाटली काढ, नकाशा शोध, बुटातला खडा काढ) की एक तास गेला. तोच तास पायांनी भरून काढायचा तर वेग सुमारे नऊ टक्क्यांनी वाढवावा लागतो, आणि हौशी माणसाला तेवढ्यासाठी महिनेच्या महिने लागतात. थांबणं कमी करायला दोन-तीन रविवार पुरतात.

आठवड्याची आखणी फार गुंतागुंतीची करू नका. सुरुवातीला एकूण पाच-सहा तास, जानेवारीच्या मध्यापर्यंत दहा-अकरा. दर चौथा आठवडा एक तृतीयांशाने हलका. आठवड्यातले तीन दिवस ज्याने त्याने आपापला सराव करायचा : एक दिवस पळणं, एक दिवस सायकल, एक दिवस पायांची ताकद. रविवार मात्र तिघांचा, आणि तो कुणी चुकवायचा नाही. ताकदीसाठी पाठीवर पाच किलोची सॅक घेऊन गुडघ्याएवढ्या पायरीवर चढ-उतार, दर पायाला १५ असे तीन फेरे, एका पायावर टाचा उचलणं, आणि बैठका. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिराच्या गावात बैठका कशा मारायच्या हे मी सांगायला नको.

नवरात्रात हलका आठवडा ठेवा. गरबा खेळून रात्री दीडला झोपायचं आणि पहाटे पाचला सायकल काढायची, असं चार दिवस केलंत की पाचव्या दिवशी सर्दी ठरलेली. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणाच्या, आगेमागे चार-पाच दिवस रस्त्यावर सायकल नको. आडव्या आलेल्या मांज्याने गळा कापल्याच्या घटना दरवर्षी घडतात. त्या दिवसांत जिने चढा.

चढासाठी पावागड आहेच. बडोद्याहून पन्नासेक किलोमीटर, उंची ८०० मीटरच्या आसपास. गाडीने किंवा एसटीने माचीपर्यंत जाऊ नका, चांपानेरला पायथ्याशी उतरून पायवाटेने माची आणि पुढे पायऱ्यांनी कालिकामातेच्या देवळापर्यंत जा. पंधरा दिवसांतून एकदा पुरे. पौर्णिमा, रविवारची दुपार आणि दोन्ही नवरात्रं टाळा, गर्दीत वेग धरताच येत नाही. बाकीच्या आठवड्यांत दहा मजली इमारत वापरा : मजल्याला तीन मीटर धरले तर एका फेरीत तीस मीटर, वीस फेऱ्यांत सहाशे. आणि खाली येताना लिफ्ट नको. दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्चीवरून उठवत नाही ते उतरण्यामुळे, चढण्यामुळे नाही. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलतो आणि त्याला त्याची सवय लागेपर्यंत तो दुखतोच. ही सवय शर्यतीआधी लावून घ्यायची.

आता वेगातल्या फरकाचं. उपाय दोन, वजन आणि ओढणी. ज्याचा त्या दिवशी जोर आहे त्याने मागे पडणाऱ्याच्या सॅकमधलं पाणी आणि जड सामान घ्यायचं. यात अपमान मानायचा नाही, आणि हे सरावातच अंगवळणी पडायला हवं. शर्यतीत पहिल्यांदा कुणाची सॅक मागितली की तो हमखास 'मी ठीक आहे' म्हणतो. म्हणून दर अर्ध्या तासाला तिघांनी एक ते पाच असा आकडा सांगायचा, एक म्हणजे ताजातवाना, पाच म्हणजे संपलो. चार ऐकू आला की न विचारता वजन काढून घ्यायचं.

ओढणी म्हणजे दोघांमधला ताणणारा दोर. महाग वस्तू घ्यायची गरज नाही, सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून दोन ते अडीच मीटरची दोरी होते. चालताना तिचं एक टोक पुढच्याच्या सॅकच्या तळाच्या पट्ट्याला बांधा आणि दुसऱ्या टोकाला फास करून तो मागच्याच्या कंबरपट्ट्यात अडकवा. सायकलवर पुढच्याच्या सीटच्या दांड्याला बांधा, मागच्याने फास हँडलच्या मधल्या बुंध्यावर नुसता टाकायचा. फास एका हाताने, न बघता, एका झटक्यात निघाला पाहिजे. गाठ मारलेली किंवा कडी लावून बंद केलेली ओढणी घेऊन पुढचा पडला तर मागचाही जातो. उतारावर, दगडगोट्यांत आणि रहदारीत ओढणी काढायची. पुढच्याने ब्रेक लावण्याआधी मोठ्याने 'ब्रेक' म्हणायचं. वाघोडियाकडच्या गावरस्त्यांवर सकाळी सहाच्या आत रिकामी सरळ पट्टी मिळते, तिथे पाच-सहा वेळा सराव झाला की जमतं. ओढणाऱ्याला वाटतं आपण फार जोर लावतोय. खरं तर दोर सतत जेमतेम ताणलेला असला की पुरे, हिसके बसले तर दोघेही दमतात.

बडोद्याच्या परिसरात सायकलचा खरा शत्रू म्हणजे वेडी बाभूळ, ज्याला इथे गांडो बावळ म्हणतात. अजवा, वाघोडिया, जांबुघोडा, कुठेही डांबर सोडून कडेला उतरलात की काटा लागतोच. पंक्चर झाल्यावर सगळे घाईत नवी ट्यूब टाकतात आणि अर्ध्या किलोमीटरवर तीही बसते, कारण काटा टायरमध्येच राहिलेला असतो. बाहेरून तो दिसत नाही, टोक आतून सुईएवढं डोकावतं. टायर पूर्ण काढा, आतून फडकं फिरवा, धागा अडकेल तिथे काटा आहे. नखाने निघत नाही, छोटा चिमटा सोबत ठेवा. मग ट्यूबमध्ये थोडी हवा भरून तिला आकार द्या आणि नंतरच बसवा, म्हणजे ती रिमखाली चिमटत नाही. हे काम तिघांनाही दहा मिनिटांत, हेडलॅम्पच्या उजेडात जमलं पाहिजे. २.१ इंची टायर असेल तर डांबरावर ३५ ते ४०, दगडमातीत २५ ते ३० पीएसआय हवा ठेवा.

शक्य असेल तर तिन्ही सायकलींची चाकं एकाच मापाची आणि व्हॉल्व्ह एकाच जातीचे ठेवा, मग संघात चार ट्यूब आणि एक पंप भागतो. साखळीची जोडकडी मात्र ज्या त्या गिअरच्या मापाची लागते, नऊ स्पीडची दहाला चालत नाही. मागचा गिअर ज्या छोट्या धातूच्या कानाला टांगलेला असतो, तो हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. सायकल पडली की पहिला तोच वाकतो आणि आयत्या वेळी कुठेही मिळत नाही. प्रत्येकाने आपल्या सायकलचा एक जादा मागवून ठेवावा.

नकाशावर मी सर्वांत जास्त वेळ घालवायला सांगेन, कारण बाकी कशानेही इतका तोटा होत नाही. मोबाइल बहुतेक शर्यतींत सीलबंद करून घेतात. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे ५०० मीटर, आणि दोन समोच्च रेषांमध्ये (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमध्ये) उंचीचा फरक सहसा २० मीटर. बडोद्यासारख्या सपाट गावात वाढलेल्याला या रेषा नुसत्या बघून कळत नाहीत, त्या पायाखालून जाव्या लागतात. आधी पोलो ग्राउंडवर १०० मीटर मोजून आपली पावलं मोजा, फक्त डावा पाय मोजायचा. चालताना बहुतेकांचे साठ ते सत्तरच्या दरम्यान पडतात, चढावर वाढतात. मग विद्यापीठाच्या आवारात एकाने आठ जागा ठरवून बाकी दोघांना हाताने काढलेला नकाशा द्यायचा. तिसरी पायरी म्हणजे चांपानेरचा परिसर. तिथे भिंती, तळी, पायवाटा आणि चढ सगळं आहे. तो २००४ पासून जागतिक वारसा आहे, तेव्हा अवशेषांवर चढाचढी नको. जांबुघोड्याच्या अभयारण्यात वनखात्याची परवानगी घेतल्याशिवाय वाट सोडून शिरू नका.

कुठल्याही ठिकाणाहून निघण्याआधी नकाशा धरणाऱ्याने तीन गोष्टी मोठ्याने बोलायच्या : दिशा, अंतर, आणि अडवणारी खूण. 'ईशान्येला, ८०० मीटर, ओढा लागला की जास्त आलो.' दुसऱ्याने ते ऐकून आपल्या डोळ्यांनी नकाशावर तपासायचं. तिसऱ्याने नकाशात डोकं घालायचं नाही, त्याने घड्याळ आणि खाणं सांभाळायचं. तिघे नकाशावर वाकले की तीन मतं निघतात आणि पाय थांबतात. ओढ्याकाठचा चेकपॉइंट शोधताना थेट त्याच्यावर नेम धरू नका. मुद्दाम शंभर-दीडशे मीटर डावीकडे जाऊन ओढ्याला लागा, म्हणजे उजवीकडे वळायचं हे पक्कं माहीत असतं. होकायंत्र मोबाइल, चुंबकी बटण आणि सायकलच्या हँडलपासून लांब, आडवं धरा. खरी उत्तर आणि चुंबकी उत्तर यांतला फरक आपल्या भागात एक अंशाहून कमी आहे, तो सोडून द्या. आणि चुकलोय असं वाटलं की दहा मिनिटांची मर्यादा. तेवढ्यात जागा कळली नाही तर शेवटच्या पक्क्या ठिकाणी परत. 'थोडं पुढे जाऊन बघू' या वाक्याने जितके संघ बुडतात तितके पायांच्या वेदनांनी बुडत नसतील.

पाण्याबद्दल एकच ठाम सांगणं : विश्वामित्री नदीत आणि अजव्याच्या तलावात सरावासाठी उतरायचं नाही. मगरी आहेत, आणि पुराच्या दिवसांत त्या वस्त्यांतही येतात. आजूबाजूच्या तळ्यांवरही विश्वास ठेवू नका. महापालिकेच्या लालबाग तरणतलावात २०० ते ४०० मीटर न थांबता पोहता आलं की या पातळीला पुरतं. वल्ह्याची ताकद जिममध्ये बसून दोर ओढायच्या यंत्रावर येते, फक्त हाताने न ओढता कंबरेतून वळून ओढा. दोघांच्या कयाकमध्ये (वल्ह्याच्या अरुंद होडीत) मागचा दिशा सांभाळतो आणि पुढचा ताल धरतो, म्हणून वजनदार आणि शांत माणूस मागे. शर्यतीआधी एकदा तरी लाइफ जॅकेट देणाऱ्या परवानाधारक केंद्रावर जाऊन कयाक मुद्दाम उलटवून बघा. उलटली की कयाक सोडायची नाही आणि वल्हंही सोडायचं नाही.

खाण्यात शोध लावायची गरज नाही, सुखडी घरातच आहे. दोन भाग कणकेला दीड भाग गूळ आणि एकच भाग तूप. नेहमीपेक्षा तूप कमी, कारण जास्त चरबी पोटात रेंगाळते. सुपारीच्या मापाचे नाही, तर तीस ग्रॅमचे तुकडे पाडा, एका तुकड्यात साधारण १४५ कॅलरी येतात. तासाला २०० ते २५० कॅलरी हव्यात, म्हणजे एक तुकडा आणि एक केळं किंवा चार-पाच खजूर. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, त्यातली एक बाटली ओआरएसची, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. नुसतं पाणी पीत राहिल्यास रक्तातलं मीठ पातळ होतं आणि मळमळ, डोकेदुखी सुरू होते. घड्याळवाल्याने दर अर्ध्या तासाला हाक द्यायची, भूक लागायची वाट बघायची नाही. संघात कुणी विनाकारण चिडलं तर आधी त्याच्या हातात खायला द्या, भांडणाचं पुढे बघू. सेव-उसळ सराव संपल्यावर, आधी कधीच नाही.

सायकलवरून उतरून पळायला निघेपर्यंतचा वेळ पाच मिनिटांत बसवा. आधी सायकल टेकवायची, मग बूट, मग सॅक, आणि हेल्मेट सर्वांत शेवटी काढून सायकललाच अडकवायचं. जो पहिला तयार होईल त्याने दुसऱ्याच्या बाटल्या भरायच्या, मोबाइल बघत उभं राहायचं नाही. महिन्यातून दोनदा पंचवीस किलोमीटर सायकल आणि लगेच सहा किलोमीटर पळणं असा रविवार करा. पहिली दहा मिनिटं पाय लाकडी वाटतात, तेवढी हळू काढली की ते सुटतात. डिसेंबरपासून दोनदा अंधारात सराव करा. हेडलॅम्पच्या उजेडात उतारावरची खोली कळत नाही, त्याची सवय हवी.

पायाला कुठे गरम लागलं की लगेच थांबून पट्टी लावा, फोड आल्यावर ती टिकत नाही. पट्टीचे कोपरे गोल कापा, त्वचा कोरडी करून चिकटवा. ओढा ओलांडल्यावर मोजे बदला. बूट अर्ध्या मापाने मोठे असू द्या, नाहीतर उतारावर अंगठ्याचं नख काळं पडतं.

शर्यतीच्या चार आठवडे आधी एक जोडदिवस करा : शनिवारी सायकलने पावागड, चढ-उतार, मुक्काम, आणि रविवारी चांपानेरला नकाशाचा सराव करून सायकलनेच परत. शेवटचे दहा दिवस सराव निम्म्यावर आणा, नवीन बूट किंवा नवीन खाणं काही नको.

सायकली रेल्वेच्या पार्सलने पुण्याला पाठवणार असाल तर हवा थोडी कमी करा, मागचा गिअर काढून कापडात गुंडाळून फ्रेमच्या आतल्या बाजूला बांधा आणि पेडल काढा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, तो घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. डिस्क ब्रेक तेलाचे असतील आणि चाक काढणार असाल तर ब्रेकच्या फटीत पुठ्ठ्याचा जाड तुकडा घाला. चाक नसताना कुणी चुकून लिव्हर दाबली तर आतले पॅड जवळ येतात आणि पुण्यात पोहोचल्यावर चाक आत जात नाही.