रिअर-व्हील-ड्राइव्ह स्पोर्ट्स कारमध्ये ट्रॅक्शन कंट्रोल असताना एलएसडी (लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल) कशासाठी हवे?

‘एलएसडी दोन्ही मागच्या चाकांना समान ताकद देते’ असे गृहीत धरून आपण हा प्रश्न विचारला आहे, आणि ते गृहीतकच उलटे आहे. डिफरन्शियल म्हणजे इंजिनाची ताकद दोन्ही चाकांत वाटणारी आणि वळणात त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची रचना. समान टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, देते ते साधे, म्हणजे ओपन डिफरन्शियल. वळणातून बाहेर पडताना आतल्या चाकावरचा भार उतरतो. ते जेवढा टॉर्क पेलू शकेल जवळपास तेवढाच बाहेरच्या, भक्कम पकड असलेल्या चाकाच्या वाट्याला येतो, आणि ॲक्सिलरेटर आणखी दाबला तर आतले चाक नुसतेच गरगरते. ही समानता मोडून पकड असलेल्या चाकाकडे जास्त टॉर्क धाडणे, हे एलएसडीचे काम.

याच मुद्द्यावर माझे थोरले मेहुणे आणि मी गेली कित्येक वर्षे भांडत आहोत. त्यांनी वापरलेली रिअर-व्हील-ड्राइव्ह कूपे घेतली, तिच्यात टॉर्सन प्रकारचे, म्हणजे हेलिकल गिअरचे एलएसडी होते. मेकॅनिकने गाडी लिफ्टवर चढवून एक मागचे चाक हाताने फिरवले, दुसरे उलट दिशेने फिरले, आणि ‘यात एलएसडी नाहीच’ असा निकाल लागला. ही परीक्षा प्रीलोड असलेल्या, म्हणजे आतल्या घर्षणाच्या प्लेटा आधीपासूनच दाबून ठेवलेल्या, प्लेटवाल्या एलएसडीसाठी ठीक आहे. प्रीलोड नसलेले हेलिकल भार आल्याखेरीज कामालाच लागत नाही, हे मी सांगितले, पण मेहुण्यांच्या लेखी आपण फसवले गेलो हे ठरून गेले होते. पुढे एका खडबडीत चढावर गाडी तिरकी अडकली, एक मागचे चाक अधांतरी राहिले आणि तेच तेवढे भिरभिरू लागले. ‘बघा तुमचे एलएसडी,’ मेहुणे म्हणाले. मी त्यांना हँडब्रेक दोन-तीन खाचा ओढून हळूहळू क्लच सोडायला सांगितले, आणि गाडी सरळ वर चढली. हेलिकल एलएसडी कमी पकडीच्या चाकावरील टॉर्कच्या साधारण दोन ते तीन पट टॉर्क दुसऱ्या चाकाला देऊ शकते, परंतु शून्याची तिप्पटही शून्यच. हँडब्रेकने त्या लोंबकळत्या चाकावर थोडा विरोध निर्माण केला, एवढेच.

त्यावर मेहुण्यांचा प्रश्न अगदी आपलाच होता: ब्रेकच लावायचा, तर ते काम ट्रॅक्शन कंट्रोल करतेच की! करते, पण चाक घसरू लागल्यानंतर. ते इंजिनाची ताकद कापते किंवा घसरणारे चाक ब्रेकने आवरते, म्हणजे इंजिनाने निर्माण केलेली ऊर्जा पॅड तापवण्यात घालवते. रोजच्या रस्त्यावर हे चालून जाते. ट्रॅकवर फेरीमागून फेरी मारताना मागचे ब्रेक तापत जातात आणि वळणातून सुटण्याच्या नेमक्या क्षणी गाडी गळाठते. यांत्रिक एलएसडी सेन्सरची वाट पाहत नाही. ब्रेकच्या आधाराने चालणाऱ्या बनावट ‘इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल’ला मी एलएसडी म्हणतच नाही, संगणकाने क्लच दाबणारे खरे इलेक्ट्रॉनिक एलएसडी ही वेगळी आणि उत्तम चीज आहे.

कोणते घ्यावे, हे थोडक्यात सांगतो. रस्त्यावर आणि अधूनमधून ट्रॅकवर चालवणाऱ्याने हेलिकल घ्यावे. माझदाच्या पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ मध्ये १.६ लिटरच्या गाड्यांना व्हिस्कस एलएसडी मिळत असे आणि १.८ लिटरचे इंजिन आल्यावर त्याची जागा टॉर्सनने घेतली, ते योग्यच झाले. व्हिस्कस उशिरा पकडते आणि त्यातला सिलिकॉन द्रव वयानुसार मंदावतो. प्लेटवाल्यांत वन-वे केवळ ॲक्सिलरेटरवर पकडते, टू-वे पाय उचलल्यावरही पकडते, त्यामुळे ब्रेक मारताना मागची बाजू स्थिर राहते, परंतु वळणात शिरताना नाक बाहेर ओढले जाते. ड्रिफ्ट करणाऱ्यांना टू-वे आवडते. इतरांनी पाय उचलल्यावर कमी पकडणाऱ्या वन-पॉइंट-फाइव्ह-वेवर थांबावे.

एक गोष्ट मात्र मेहुण्यांना मी कधी सांगितली नाही. ओल्या किंवा बर्फाळ रस्त्यावर ओपन डिफरन्शियलचे एकच चाक घसरते आणि दुसरे मागची बाजू धरून ठेवते. कडक एलएसडी असेल, तर दोन्ही चाके एकदम सुटतात आणि शेपूट क्षणात बाजूला जाते. त्यामुळे एलएसडी बसवले म्हणून ट्रॅक्शन कंट्रोल बंद करू नका. प्लेटवाले असेल, तर फ्रिक्शन मॉडिफायर (प्लेटांचे घर्षण सौम्य करणारा घटक) असलेले गिअर ऑइलच वापरा, नाहीतर पार्किंगमध्ये मंद वळताना खडखडाट होईल आणि कोणीतरी धडधाकट डिफरन्शियल उघडायला सांगेल. मागचे दोन्ही टायर सारख्याच झिजेचे ठेवा. व्यासात फरक असला, की सरळ रस्त्यावरही प्लेटा एकमेकींवर घासत राहतात.