मुशी म्हणजे शार्कचं पिल्लू का?

प्रश्न : आमच्याकडे बाजारात कोळणी वीतभर ते हातभर लांबीच्या मुश्या वाट्यावर विकतात. मुलगी दहावीत आहे, ती म्हणते ही शार्कची पिल्लं आहेत, घरात आणायची नाहीत. खरंच पिल्लं असतात का ती? (एक वाचक, वसई)

मुलगी निम्मी बरोबर आहे, आणि उरलेल्या निम्म्यासाठी तिला एकदा बाजारात नेऊन मासा उलटा करून बघायला लावा.

आपल्याकडे मुशी म्हणून (मालवण-गोव्याकडे मोरी म्हणून) जे विकलं जातं त्यात सगळ्यात जास्त असतो तो स्पेडनोज शार्क, म्हणजे स्कोलिओडॉन लॅटिकॉडस. ज्यांनी झूलॉजी घेऊन बीएस्सी केलंय त्यांना हे नाव ऐकून फॉर्मॅलिनचा वास आला असेल, कारण कित्येक वर्षं डिसेक्शनच्या ट्रेमध्ये हाच असायचा. हा जन्मभर छोटाच राहतो, फार वाढला तर पाऊण मीटरपर्यंत जातो, आणि फूट-सव्वा फुटाचा झाला की वयात येतो, त्यामुळे तुमच्या वाट्यातली हातभर मुशी स्पेडनोज असेल तर ती पिल्लू नाही, चांगली चार बाळंतपणं झालेली बाईसुद्धा असू शकते. किनाऱ्याजवळचं उथळ, कोमट, गढूळ पाणी, खाड्यांची तोंडं ही त्याची जागा, म्हणून तर बोंबील-जवळ्यासाठी लावलेल्या डोल जाळ्यातही तो सापडतो. त्याचेच जवळचे भाऊबंद म्हणजे शार्पनोज शार्क, त्यातला मिल्क शार्क आपल्या बाजारात बऱ्यापैकी दिसतो, तो थोडा मोठा होतो, मीटरभर वगैरे.

ओळखायचं कसं? स्पेडनोजचं नाक लांब आणि फावड्यासारखं चपटं असतं, पाठीवरचं मोठं पर बरंच मागे सरकलेलं आणि शेपटीजवळचं दुसरं अगदीच इवलंसं. शार्पनोजच्या तोंडाच्या कोपऱ्यात लांब खाच दिसते. रंगावर जाऊ नका, सगळे राखाडीच.

आता मुलीचं निम्मं. त्याच टोपलीत हॅमरहेड आणि ब्लॅकटिपसारख्या मोठ्या शार्कची खरीखुरी पिल्लंही येतात, कारण मोठ्या शार्कच्या माद्या पिल्लं द्यायला उथळ किनाऱ्याकडे येतात आणि पिल्लं सुरुवातीचा काळ तिथेच काढतात. हॅमरहेडचं पिल्लू जन्मतःच साधारण दीड फुटाचं असतं, म्हणजे एकाच वाट्यात सारख्याच लांबीच्या दोन मुश्या, एक आजी आणि दुसरी गेल्या आठवड्यात जन्मलेली, असंही होऊ शकतं. हॅमरहेड डोक्यावरूनच कळतो. बाकीच्यांसाठी मासा उताणा करा आणि छातीच्या दोन परांच्या मधोमध बघा, तिथे बारीक चिरेसारखी उघडी खूण दिसली तर ती बेंबी आहे. हो, या शार्कना बेंबी असते! जन्मानंतर काही आठवड्यांत ती बुजते, त्यामुळे खूण ताजी म्हणजे पिल्लू नक्की. नर असेल तर मागच्या परांजवळ दोन नळ्या असतात, त्या लांब आणि कडक झाल्या असतील तर मासा वयात आलेला, आखूड आणि मऊ असतील तर अजून पोरगा.

बेंबीचं नवल वाटत असेल तर स्पेडनोजचं अजून ऐका. याचं अंडं फक्त 1 मिलिमीटरचं, त्यात बलक जवळजवळ नसतोच, म्हणून गर्भ अगदी सुरुवातीलाच आईच्या गर्भाशयाला चिकटतो आणि नाळेतून पोसला जातो, शार्कमध्ये इतकी पुढारलेली व्यवस्था दुसरीकडे क्वचितच सापडेल. पाच-सहा महिन्यांनी सहा ते अठरा पिल्लं होतात, वीतभरसुद्धा नसतात. पिल्लं वर्षभर होत राहतात म्हणून तो अजून टिकून आहे, तरी आययूसीएनच्या (निसर्गरक्षणाचं काम करणारी जागतिक संस्था) यादीत तो 'निअर थ्रेटन्ड', म्हणजे धोक्याच्या उंबरठ्यावर, आहेच, कारण बारीक भोकांच्या जाळ्यात गाभण माद्या आणि पिल्लं दोन्ही उचलली जातात. स्कॅलप्ड हॅमरहेड मात्र 'क्रिटिकली एन्डेंजर्ड', म्हणजे नामशेष होण्याच्या अगदी जवळ, तीन मीटरच्या वर जाणारा मासा दीड फुटाचा असतानाच वाट्यावर जातो. माझं विचाराल तर स्पेडनोज अधूनमधून खायला हरकत नाही, हॅमरहेड दिसला तर घेऊ नका, आणि का घेत नाही ते कोळणीला सांगा, तिला तुमच्यापेक्षा जास्त माहिती असते, बोलेल ती.

प्रश्न : पायांवर चालणाऱ्या शार्कचा व्हिडिओ बघितला. फेक आहे का? (एक वाचक, पुणे)

नाही, खरा असावा. एपॉलेट शार्क, ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर राहतो, जेमतेम मीटरभर. ओहोटीला डबक्यात अडकला की परांवर सरपटत दुसऱ्या डबक्यात जातो, आणि ऑक्सिजन जवळपास संपलेल्या पाण्यातही तग धरतो. आपल्या समुद्रातले बांबू शार्क याच कुळातले, तेही तळाशी असेच चालल्यासारखे फिरतात आणि मुशीसारखी पिल्लं न देता अंडी घालतात.

प्रश्न : सून बाळंतीण आहे. दूध यावं म्हणून मोरी द्यावी असं विहीणबाई म्हणतात. पण घरात आणली की अमोनियासारखा वास येतो, ती खराब असते का? (एक वाचक, वेंगुर्ला)

आधी वासाचं. समुद्राच्या खारटपणाशी जुळवून घ्यायला शार्कच्या रक्तामांसात युरिया असतो, मासा मेला की जिवाणू त्याचा अमोनिया करतात. म्हणजे थोडा वास मोरीचा स्वभावच आहे, पण नाकात झिणझिणी आली तर मासा शिळा, परत करा. ताजी आणून लगेच साफ करायची, गरम पाण्यात बुडवून ती सॅंडपेपरसारखी कातडी खरवडून काढायची, नीट धुवायची, मग हळद-कोकम लावून ठेवायची, हे तुम्हाला वेंगुर्ल्यात मी काय शिकवणार.

दुधाचं म्हणाल तर ही समजूत कोकणातच नाही, तमिळनाडूपर्यंत आहे, पण मोरीनं दूध वाढतं याला भक्कम पुरावा नाही. उलट शार्क दुसरे मासे खाऊन जगतो त्यामुळे त्याच्या अंगात पारा साठत जातो, जितका मोठा आणि म्हातारा तितका जास्त, आणि अमेरिकेची एफडीए (तिथली अन्न आणि औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया आणि लहान मुलं यांनी शार्क टाळावा असंच सांगते. छोट्या मोरीत पारा मोठ्या शार्कपेक्षा कमी असणार, तरी तान्हं बाळ असताना ही रिस्क कशाला? विहीणबाईंचं मन राखायचं असेल तर तारली, मांदेली, बोंबील द्या, लहान मासे आहेत, पारा कमी. आणि दूध खरंच कमी पडत असेल तर डॉक्टरांना दाखवा, बहुतेक वेळा बाळाला वारंवार आणि नीट पाजण्यानंच फरक पडतो.