अंगणातली सदाफुली, माळावरचा तरवड: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

औषधी वनस्पतींवरच्या संशोधनाबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच आज घेतली आहेत. सोलापुरात बी.फार्म.च्या मुलांना मी वर्षानुवर्षं हाच विषय शिकवला. प्रत्येक पत्र वाचताना एकच उलटा प्रश्न तोंडावर येतो: किती घ्यायचं, आणि कोणी?

प्रश्न: पाच वर्षांपासून शुगर आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून रोज उपाशीपोटी सदाफुलीची चार पानं चावून खातो. यावर परदेशात संशोधन झालंय म्हणतात, खरं का? (निवृत्त यंत्रमाग कामगार, नीलमनगर)

झालंय, पण ते कुठे जाऊन पोचलं हे तुम्हाला कोणी सांगितलेलं दिसत नाही. जमैकात लोक या पानांचा काढा शुगरवर घेत. ती पानं कॅनडात रॉबर्ट नोबल यांच्या प्रयोगशाळेत आली. उंदरांना अर्क पाजला, साखर हलली नाही. टोचून पाहिला, तर उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले. रक्त तपासलं तेव्हा पांढऱ्या पेशी पार घटलेल्या. मग नोबल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स बीअर यांनी साखरेचा नाद सोडला आणि पांढऱ्या पेशी मारणारं हे आहे तरी काय, त्याच्या मागे लागले. 1958 मध्ये व्हिन्ब्लास्टिन हे कर्करोगावरचं औषध हाती आलं. पुढे त्याच झाडातून व्हिन्क्रिस्टिन निघालं. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते आजही देतात. पानांत ही द्रव्यं इतकी थोडी असतात की ग्रॅमभर मिळवायला शेकडो किलो वाळलेली पानं लागतात.

मग चार पानांनी काय होतंय, असं तुम्ही म्हणाल. सशांवरच्या काही प्रयोगांत पानांच्या रसाने साखर उतरली, हेही खरं आहे. पण माणसाने रोज किती पानं खाल्ली तर चालतील, याचा भरवशाचा आकडा नाही. व्हिन्क्रिस्टिनचा नेहमीचा त्रास म्हणजे हातापायाला मुंग्या आणि बधिरपणा. जुन्या शुगरनेही नेमकं तेच होतं. उद्या तळपाय बधिर झाले तर डॉक्टरांनी कारण कुठे शोधायचं? पानं थांबवा, आणि इतके दिवस खात होतो हे त्यांना न लाजता सांगा. तुमची मेटफॉर्मिनही झाडाच्याच वंशातली आहे. युरोपात गॅलेगा नावाचं झुडूप शुगरच्या लक्षणांवर देत असत. त्यातल्या द्रव्याच्या जातकुळीतून ही गोळी तयार झाली. फ्रान्समधले डॉक्टर झां स्टर्न यांनी 1957 मध्ये तिचे माणसांवरचे निष्कर्ष छापले. किती मिलिग्रॅम, कोणाला, कोणाला नको, हे सगळं तिच्याबाबत मोजून झालंय.

प्रश्न: करोनापासून आईला गुळवेलीचा काढा देते. आता लिव्हर खराब होतं असं वाचलं. आईला संधिवात आहे. (जुळे सोलापूर)

मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आलेले सहा रुग्ण नोंदवले, आणि पुढच्या वर्षी देशभरातल्या 43 रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने यकृतावर हल्ला करावा, तशा खुणा बऱ्याच जणांत दिसल्या. आयुष मंत्रालयाने हे मान्य केलं नाही. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असेल, असं त्यांचं म्हणणं. ही शंका अगदीच वावगी नाही. कडुलिंबावर चढलेली आपली गुळवेल हातात घेऊन बघा: साल कागदासारखी सुटते, फांद्यांवरून दोऱ्यासारखी मुळं लोंबतात. त्या दुसऱ्या वेलीचं खोड गाठीगाठींचं, खडबडीत असतं. बाजारातल्या पावडरीत मात्र हे काहीच कळत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते, असा संधिवात आईला असेल तर तिला गुळवेलीसारखं, प्रतिकारशक्ती चेतवणारं काही रोज देऊ नका. एकदा एसजीपीटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी, करून घ्या. लघवी गडद पिवळी झाली किंवा अन्नावरची वासना गेली तर दवाखाना लगेच गाठा.

प्रश्न: आवाजासाठी रोज जेष्ठमधाची कांडी चघळतो. बीपीची गोळी चालू आहे. (भजनी मंडळातले एक वाचक, पंढरपूर)

रोज नको. त्यातल्या ग्लिसिरायझिनमुळे शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. गोळी लघवी वाढवणारी असेल तर पोटॅशियम आणखीच खाली जातं.

प्रश्न: तेल्या रोगामुळे डागाळलेली डाळिंबं फेकावी लागतात. सालीची पावडर हृदयासाठी विकता येईल का? (शेतकरी, सांगोला)

सालीत प्युनिकॅलॅजिन नावाचं द्रव्य भरपूर असतं, दाण्यांपेक्षा कितीतरी जास्त. पण ते जसंच्या तसं रक्तात जात नाही. आतड्यातले जिवाणू त्याचं युरोलिथिन हे दुसरं द्रव्य करतात, आणि काहींच्या आतड्यात ते होतच नाही. त्यामुळे एकाच घरातल्या दोघांना एकाच पेल्यातून वेगवेगळं मिळतं. 'हृदयासाठी' असं पाकिटावर छापू नका. शिवाय तेल्यासाठी तुम्ही मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण मारलेलं असणार, आणि फवारा बसतो तो सालीवरच. आधी केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात चौकशी करा.

प्रश्न: मॅडम, प्रोजेक्टला तरवड घ्यायचा आहे. सुरुवात कशी करू? (बी.फार्म., चौथं वर्ष)

विषय छान निवडलास. आपल्या माळरानाचं झाड, नवरात्रात घटावर माळ चढते त्याच पिवळ्या फुलांचं. पण एवढ्यात डीपीपीएच ही अँटिऑक्सिडंट तपासायची चाचणी करायला धावू नकोस. जांभळा रंग उडून पिवळा झाला की मुलं टाळ्या पिटतात. तरवडाच्या सालीत टॅनिन हे तुरट द्रव्य इतकं की तिने पूर्वी कातडी कमावत. टॅनिन असलं की तो रंग उडणारच, त्यातून औषधाबद्दल काही सिद्ध होत नाही. टॅनिन प्रथिनांना चिकटतं, म्हणून एन्झाइमच्या चाचण्याही फसवतात. ते काढून टाकलेला अर्क शेजारी ठेव आणि दोन्ही तपास.

अर्क कसा काढतेस तेही लिहून ठेव. चीनमधल्या संशोधक तू योयो यांच्या गटाला मलेरियावरच्या झाडाचा गुण आधी धड मिळेना. जुन्या ग्रंथात ते झाड पाण्यात नुसतं भिजवून पिळायला सांगितलं होतं. उष्णतेने गुण जात असावा हे त्यांनी ताडलं, कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरलं आणि आर्टेमिसिनिन या मलेरियावरच्या औषधाची वाट सापडली. 2015 च्या वैद्यकाच्या नोबेलमधला त्यांचा वाटा त्याच कामाला.

सगळ्यात आधी नमुना. शेंग आणि फूल दोन्ही असलेली फांदी घे, वर्तमानपत्रात दाबून वाळव, रोज कागद बदल. गाव, तारीख, आसपासची जमीन लिही आणि पुण्याला बॉटनिकल सर्व्हेकडून ओळख पटवून घे. नुसती पानं नेलीस तर अडचण होईल, म्हणून घटस्थापनेच्या आसपासच जा.