जपानमध्ये आईसोबत आठवडाभर गरम झऱ्यांच्या गावी राहायचं आहे. तिथल्या रीतीभाती काय, आणि शाकाहारी माणसाने जेवायचं काय?

तुम्ही तीन अडचणी लिहिल्या आहेत. आईंचं वय ६४ आणि रक्तदाबाची गोळी चालू, दोघी शाकाहारी, आणि अनोळखी बायकांसमोर कपडे उतरवून आंघोळ कशी करायची ही धास्ती. तिन्हींवर उपाय आहेत. त्यातला निम्मा उपाय जागा निवडतानाच होतो, म्हणून आधी तिथून सुरुवात करतो.

आठवडा काढायचा असेल तर र्योकान, म्हणजे जेवणासकट राहायची पारंपरिक जपानी सराई, घेऊ नका; तोजी-यादो, म्हणजे तोजीसाठी राहायची साधी सराई, घ्या. र्योकान एक-दोन रात्रींसाठी ठीक. तिथे रात्रीचं जेवण म्हणजे दहा-बारा वाट्या-बशा, आणि त्यातल्या बहुतेकांत मासा. तोजी म्हणजे झऱ्याच्या पाण्यात रोज बसून घेतलेला उपचार आणि विश्रांती. ईशान्येकडच्या तोहोकू भागातले शेतकरी कामं आटोपली की तांदूळ-भाजी बरोबर घेऊन अशा ठिकाणी जाऊन राहायचे. जुन्या हिशेबाने ७ दिवसांचा एक फेरा, आणि पुरता गुण यायला तीन फेरे. आओमोरीतलं सुकायु, यामागातातलं हिजिओरी, मियागीतलं नारुको, इवातेतल्या हानामाकीजवळचं ओसावा ही अशी गावं आणि ठिकाणं. खोली साधी असते, पण अनेक ठिकाणी पाहुण्यांसाठी सामायिक स्वयंपाकघर असतं. शाकाहारी माणसाला याहून मोठी सोय जपानच्या खेड्यात मिळणार नाही. बुकिंग करताना दोन शब्द लक्षात ठेवा: 'जिसुई' म्हणजे स्वतः रांधून राहणं, आणि 'सुदोमारि' म्हणजे जेवणाशिवाय फक्त खोली.

पाणी कुठलं आहे हेही बघा. ओन्सेन म्हणजे गरम झरा. जपानच्या १९४८च्या ओन्सेन कायद्याप्रमाणे उगमाशी २५ अंश सेल्सियस किंवा त्याहून गरम असलेलं, किंवा ठरवलेल्या १९ घटकांपैकी एक तरी पुरेशा प्रमाणात असलेलं पाणी ओन्सेन ठरतं. म्हणजे दोन ओन्सेनांच्या पाण्यात जमीनअस्मानाचा फरक असू शकतो. आकितातल्या तामागावाचं पाणी इतकं आम्लधर्मी आहे की पीएच १.२च्या आसपास येतो. कुसात्सुचा सुमारे २. या पाण्यात साधा ओरखडाही झोंबतो, डोळ्यात थेंब गेला तर आग होते. आईंसाठी पहिल्या खेपेला असलं पाणी नको. 'तान्जुन-ओन्सेन' म्हणजे सौम्य साधं पाणी बघा; ओसावाचं त्या जातीचं आहे. कपडे बदलायच्या खोलीत भिंतीवर पाण्याच्या तपासणीचा तक्ता लावलेला असतो. कायद्याने ती तपासणी दर १० वर्षांनी नव्याने करावी लागते, आणि कोणत्या आजारात या पाण्यात उतरू नये तेही लिहिलेलं असतं. फोनमधल्या भाषांतराच्या ॲपने तो वाचता येतो, पण त्या खोलीत फोन काढायचा नसतो. म्हणून मजकूर आधी काउंटरवर मागून घ्या.

आणखी एक गोष्ट बुकिंगच्या आधीच विचारा. जुन्या ठिकाणी काही कुंडं 'कोन्योकु', म्हणजे स्त्री-पुरुषांची एकत्र असतात. सुकायुचं हिबा लाकडाचं मोठं स्नानघर तसंच आहे. तिथे सकाळी आणि रात्री एकेक तास फक्त बायकांसाठी राखलेला असतो. बायकांचं वेगळं कुंड आहे का, आणि 'काशिकिरी' म्हणजे तासाभरासाठी एकट्या कुटुंबाला मिळणारं कुंड आहे का, हे दोन प्रश्न ईमेलने विचारलेत तर निम्मी धास्ती जाईल. पहिल्या दिवशी काशिकिरी घ्या, दुसऱ्या दिवशी पहाटे सामायिक कुंडात जा. त्या वेळी गर्दी नसते.

आता रीती. त्या पाठ करण्याऐवजी त्यामागचं कारण समजून घ्या. चांगल्या ठिकाणी झऱ्याचं पाणी एका बाजूने कुंडात येतं आणि दुसऱ्या बाजूने वाहून जातं. ते गाळून पुन्हा वापरत नाहीत. याला 'गेन्सेन काकेनागाशी' म्हणतात. त्याच कुंडात दिवसभर अनेक माणसं उतरतात, म्हणून प्रत्येकाने त्यात फक्त स्वच्छ अंग घेऊन उतरायचं. आपल्याकडे वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडात आपण कपड्यांसकट उतरतो, डुबकी मारतो. इथे कापड पाण्यात गेलं तर पाणी खराब झालं असं मानतात, आणि डोकं तर बुडवायचंच नाही.

दारावरच्या पडद्यावर अक्षर असतं. पुरुषांच्या अक्षरात वर चार घरांची चौकट असते, बायकांच्या अक्षरात ती नसते. पडद्याच्या रंगावर विसंबू नका. आणि बऱ्याच ठिकाणी सकाळ-संध्याकाळ दोन्ही बाजूंची अदलाबदल होते, तेव्हा काल इथेच गेलो होतो म्हणून न बघता आत शिरू नका. आत गेल्यावर सगळे कपडे टोपलीत. मोठा टॉवेल तिथेच ठेवायचा, हातरुमालाएवढा छोटा टॉवेल आत न्यायचा. चालताना तो पुढे धरायला हरकत नाही, सगळ्याच जणी धरतात. कोणी कोणाकडे बघत नाही, आणि तुम्हीही बघायचं नाही.

नळापाशी बुटकं स्टूल असतं. त्यावर बसूनच धुवायचं, उभं राहून नाही, कारण शिंतोडे शेजारणीवर उडतात. साबण, शाम्पू पूर्ण निघून जाईपर्यंत पाणी घ्या. मराठी घरातल्या बायकांची इथे एक चूक हमखास होते: केसांना तेल. तेल लावलेल्या केसांनी गेलात तर पाण्यावर तवंग येतो. रात्री तेल लावायची सवय असेल तर आठवडाभर ती बंद ठेवा, निदान सकाळी शाम्पू केल्याशिवाय कुंडाकडे जाऊ नका. लांब केस वर बांधा. टिकली आधीच काढा, नाही तर ती पाण्यात तरंगताना सापडते. जाण्याआधी दोन-तीन आठवडे मेंदी लावू नका. काही ठिकाणी टॅटूला बंदी असते, आणि हातभर मेंदी त्यांना टॅटूच वाटू शकते.

चांदी मात्र नक्की खोलीत ठेवा. गंधकाच्या पाण्यात, नुसत्या वाफेतसुद्धा, जोडवी आणि पैंजण पाहता पाहता आधी पिवळसर आणि मग काळी पडतात. शुद्ध सोन्याला काही होत नाही, पण दागिन्यातल्या तांब्या-चांदीच्या मिश्रणाला डाग पडतो. मंगळसूत्र काढायचं आईंच्या जिवावर येत असेल, तर सौम्य पाण्याचं ठिकाण निवडायला हे आणखी एक कारण समजा. गंधकाचा वास असलेल्या स्नानघरात खिडकीची फट उघडी ठेवलेली असते. कितीही थंडी वाजली तरी ती लावू नका. हायड्रोजन सल्फाइड वायू साठू नये म्हणून ती मुद्दाम ठेवलेली असते.

कुंडात उतरण्याआधी 'काकेयु': कुंडातलं पाणी छोट्या बादलीने आधी पावलांवर, मग गुडघे, कंबर, खांदे असं दहा वेळा तरी घ्या. याने अंग स्वच्छ होतं आणि शरीर उष्णतेला सरावतं. रक्तदाबाच्या माणसाने हे कधीच चुकवू नये. मग कडेला हात धरून सावकाश उतरा. छोटा टॉवेल डोक्यावर घडी करून ठेवा. पाणी फार गरम वाटलं तर थंड पाण्याचा नळ सोडण्याआधी आत बसलेल्यांना विचारा. रोज येणाऱ्या आजींना ते गरमच हवं असतं. बाहेर पडताना छोटा टॉवेल पिळून अंग कोरडं करा आणि मगच कपड्यांच्या खोलीत पाऊल टाका. तिथली ओली फरशी म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या पडण्याला आमंत्रण. पाळीच्या दिवसांत सामायिक कुंडात उतरू नये, शॉवर घ्यावा.

आईंच्या बाबतीत डॉक्टरांशी निघण्याआधी बोला, आणि 'गरम पाण्यात बसू का' एवढंच न विचारता किती अंशाच्या पाण्यात आणि किती मिनिटं ते विचारा. ४२ अंशांच्या वरचं पाणी वयस्कांनी आणि रक्तदाब, हृदयाचा त्रास असलेल्यांनी टाळावं. ३८ ते ४० अंशांचं कुंड काही ठिकाणी असतं. सुरुवातीला ३ ते ५ मिनिटं पुरे, तेही छातीपर्यंतच. पहिले दोन दिवस दिवसातून एकदा, फार तर दोनदा, नंतर तीनदा. याहून जास्त नको. जाण्याआधी एक पेला पाणी, आल्यावर एक पेला पाणी. जेवल्यावर लगेच नाही, दारू घेतली असेल तर मुळीच नाही. उठताना आधी कुंडाच्या पायरीवर मिनिटभर बसा. गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात, त्यात गोळीचा परिणाम. झटकन उभं राहिलं की रक्तदाब खाली येतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. आईंना पहिले काही दिवस एकटं पाठवू नका.

तिसऱ्या दिवसापासून आठवड्याच्या आत अनेकांना थकवा येतो, भूक जाते, झोप उडते, डोकं दुखतं. याला 'युआतारि' म्हणतात, म्हणजे पाणी बाधलं. पैसे भरलेत म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा बसणाऱ्यांना हे हटकून होतं. एक दिवस पाण्यात उतरू नका, त्रास ओसरतो. ओसरला नाही तर डॉक्टर गाठा.

जेवणाचं. जपानमध्ये 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही, कारण कात्सुओ माशाचं पाणी, म्हणजे दाशी, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनच्या) सूपपासून उकडलेल्या भाजीपर्यंत सगळ्यांत असतं. एखाद-दोन जेवणं तिथलीच घ्यायची असतील तर बुकिंग करतानाच कळवा: 'निकु मो साकाना मो कात्सुओ-दाशी मो ताबेरारेमासेन', म्हणजे मांस, मासे, कात्सुओ-दाशी यातलं काहीच खाऊ शकत नाही. 'शोजिन र्योरी' जमेल का हेही विचारा. ते बौद्ध मठांचं जेवण, त्यात कांदा-लसूणही नसतो. दारात पोचल्यावर सांगितलंत तर त्यांना काही करता येत नाही. सामान सकाळीच आणून, कापून ठेवलेलं असतं, आणि त्या वेळी जेवण नाकारणं त्यांना फार लागतं.

रोजचं मात्र स्वतः रांधा. भारतातून डाळ-तांदूळ नेऊ नका. धान्य, कडधान्य, भाजी-फळं यांना वनस्पती-तपासणीचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, आणि ताजा कढीपत्ता तर नेताच येत नाही. गोडा मसाला, हिंग, हळद यांची दुकानातली बंद पाकिटं न्या आणि विमानतळावर विचारलं की दाखवा. मूगडाळ तोक्योत निशि-कासाई किंवा शिन-ओकुबोच्या भारतीय दुकानांत मिळते. तोहोकूला निघण्याआधी घ्या. तांदूळ तिथलाच घ्या. तो चिकट शिजतो, म्हणून मऊ खिचडीला आणि दहीभाताला उत्तम. हिजिओरीत हिवाळा सोडला तर सकाळी गावातल्या आज्या रानभाजी, मुळे, लोणची मांडून बसतात. लोणचं घेताना 'दाशी?' एवढं विचारलं तरी त्यांना कळतं.

सामायिक स्वयंपाकघरात काही ठिकाणी गॅसला १० येनचं नाणं टाकावं लागतं. सुटी नाणी जवळ ठेवा. शिट्टीचा कुकर नेऊ नका. लाकडी इमारत, पातळ भिंती, त्यात कुकरची शिट्टी म्हणजे वरच्या मजल्यावरचे आजोबा दचकून उठतील. फोडणी झाकण ठेवून आणि पंखा लावून करा. मिरची करपली तर धुराची घंटा वाजेल. काम झालं की शेगडी पुसा, मोरीची जाळी रिकामी करा. जळणारा कचरा, डबे आणि प्लास्टिकच्या बाटल्या तीन वेगळ्या पेट्यांत टाका. शेजारची बाई वाटीभर काहीतरी आणून देईल. त्यात मासा असू शकतो, म्हणून दोन्ही हातांनी घ्या, आभार माना आणि खाता येणार नसेल तर तिथेच नम्रपणे सांगा. टाकून दिलेलं दिसलं तर वाईट वाटतं.

तामागावासारख्या ठिकाणी गंभीर आजाराची माणसं आशेने येऊन गरम खडकावर चटई टाकून पडलेली असतात. तिकडे फिरायला गेलात तर फोटो काढू नका. आणि कुठल्याही तोजी-यादोत 'तुम्हाला काय झालंय' असं कोणाला विचारू नका. 'किती दिवस आहात?' हा तिथला नेहमीचा प्रश्न; तो चालतो.

खोलीच्या दाराशी बूट, मग स्लिपर, आणि तातामीच्या चटईवर फक्त मोजे. शौचालयाचे स्लिपर वेगळे असतात, ते घालून बाहेर येऊ नका. बॅग उचलून आत न्या, चाकांनी तातामी फाटते. भिंतीतल्या कोनाड्यात चित्र आणि फुलं असतात, तिथे सामान ठेवू नका. युकाता, म्हणजे तिथला सुती झगा, नेसताना डावी बाजू उजवीच्या वर हवी. उलट फक्त मृताला नेसवतात. गादी, युकाता, हीटर यांचं भाडं काही ठिकाणी वेगळं लागतं, आणि स्नानकर बहुतेक गावांत माणशी रोज १५० येन. रोख पैसे ठेवा, कार्ड सगळीकडे चालत नाही. टीप देत नाहीत. निघायच्या सकाळी गाद्यांच्या घड्या करून चादरी वेगळ्या काढून ठेवा. एवढं केलेलं त्यांना पुरतं.