जुनं पोर्टल बंद होतंय म्हणून मूळ फाईली देऊन टाकू नका

निपाणीकडच्या ताई, मीही तुमच्यासारखी कर्नाटकच्या हद्दीवरची अंगणवाडी सेविका, लोक टीचर म्हणतात. तुमच्या ऑफिसनं काय सांगितलं ती पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. "जुनं पोर्टल बंद झालं, माहिती नव्यात आपोआप येणार, फॉर्मच्या फाईली आणि रजिस्टर शुक्रवारपर्यंत आणून द्या." अगदी ह्याच शब्दांत मला माझ्या ऑफिसनं सांगितलं होतं. योजना कुठली ते तुम्ही लिहिलं नाही. माझी मातृवंदनेची होती, म्हणजे बाळंतिणीला सरकारकडून पैसे मिळतात ती. तुमची वेगळी असली तर नियमही वेगळे असणार, तेवढं धरून वाचा.

फॉर्म कसा भरायचा वगैरे सांगत बसत नाही, ते तुम्हाला येतंच. मी कुठं फसले ते सांगते.

जुन्या पद्धतीत पहिलटकरणीला पाच हजार तीन हप्त्यांत मिळायचे: एक हजार, दोन हजार, दोन हजार. शेवटचा हप्ता बाळाची जन्मनोंद आणि पहिल्या लशी झाल्यावर. एप्रिल २०२२ पासून नियम बदलले. पहिल्या बाळाला दोनच हप्ते, तीन हजार आणि दोन हजार. दुसरी मुलगी झाली तर सहा हजार एकदम. बदल चांगलाच होता, मी नाव ठेवत नाही. पण नवं पोर्टल यायला २०२३ उजाडलं, आणि मधल्या काळात ज्यांचे एक-दोन हप्ते झाले होते त्या बाया लटकल्या. माझ्या अंगणवाडीतल्या सात.

ऑफिसनं (नाव घेत नाही, तालुकाही सांगत नाही) नव्या नोंदीसाठी फाईली मागितल्या. मी सातही जणींचे फॉर्म, ताई कार्डाच्या (गरोदर बाईच्या नोंदीचं कर्नाटकातलं कार्ड) झेरॉक्स, पोचपावत्या, आणि अर्ज नंबर लिहिलेली माझी स्वतःची वहीसुद्धा एका पिशवीत घालून टेबलावर ठेवून आले. वही कुणी मागितलीच नव्हती! शहाणपणा माझा. पोच घेतली नाही. पावसाचे दिवस, शेवटची बस चुकेल म्हणून पळाले.

दोन महिन्यांनी विचारायला गेले तर "जुनं लॉगिन बंद, नव्यात तुमच्या नोंदी दिसत नाहीत, अर्ज नंबर आणा." नंबर कुठले आणू? वही त्यांच्याच कपाटात. कपाट बघा म्हटलं तर ते टेबल दुसऱ्याकडं गेलं होतं, आणि आधीची मॅडम बदली होऊन गेलेली. पिशवी आजतागायत सापडली नाही. आणि बायांना तोंड कोण दाखवणार? आम्हीच. त्यांना ऑफिस माहीत नसतं, टीचर माहीत असते. एकीची सासू दारात येऊन म्हणाली, "टीचर, पैसे खाल्ले काय?" बारा वर्षांच्या नोकरीत असं कुणी बोललं नव्हतं.

वेळेचं गणित तर आणखी वाईट. पूर्वी शेवटच्या पाळीपासून ७३० दिवसांत अर्ज चालायचा, नव्यात बाळ जन्मल्यापासून २७० दिवस. कागद हुडकेपर्यंत बाळ चालायला लागतं. सातपैकी चौघींचं काम झालं, तेसुद्धा घरातल्या पोचपावत्या त्यांनी डब्यात जपून ठेवल्या होत्या म्हणून. दोघींचं राहिलं ते राहिलंच.

सातवीची गंमत वेगळी. तिचं माहेर पलीकडं महाराष्ट्रात, चंदगडकडं, बाळंतपण तिकडंच. सासरचं पासबुक दर महिन्याला भरून आणायची, पैसे नाहीत. ते आले होते माहेरच्या खात्यात! लग्नाआधीच्या त्या खात्याला आधार जोडलेलं होतं, आणि पैसे आधार जोडलेल्या खात्यातच पडतात. आपल्या हद्दीवर निम्म्या सुना पलीकडच्या, तेव्हा ऑफिसशी भांडण्याआधी आधार कुठल्या खात्याला आहे ते बघून घ्या. नावाचंही तसंच. आधारवर इंग्रजीत जे स्पेलिंग असेल तेच लिहा. चव्हाण कन्नडमध्ये लिहून परत इंग्रजीत आणलं की तीन प्रकारचे चव्हाण होतात.

"आपोआप" हा शब्द मी २०२१ च्या मार्चमध्येही ऐकला होता, अंगणवाडीच्या नोंदींचं जुनं ॲप सीएएस जाऊन नवं पोषण ट्रॅकर आलं तेव्हा. आता ह्या शब्दावर माझा विश्वास नाही. चुकत असेन, तुमचं ऑफिस चांगलंही असेल. पण मूळ कागद देऊ नका, झेरॉक्सचा संच द्या. मूळच पाहिजे म्हणाले तर यादी करा, प्रत्येक बाईचं नाव, अर्ज नंबर आणि किती हप्ते झाले ते लिहा, आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घ्या. जुनं लॉगिन अजून चालू असलं तर तिथल्या पानांचे मोबाईलवर फोटो काढून घ्या. बायांना पोचपावत्या घरातच ठेवा म्हणून सांगा. झेरॉक्सचे पैसे आपल्याच खिशातून जाणार, ते कोण देत नाही.

सही द्यायला नको म्हणाले तर अर्ज लिहून ऑफिसच्या आवक रजिस्टरला नोंदवा, आणि तो कन्नडमध्येच लिहा. मराठीतला माझा अर्ज "कुणीतरी वाचून सांगू दे" म्हणून महिनाभर पडून होता. येत नसेल तर इथं सांगा, माझा कन्नडमधला मजकूर टाकते, नावं तेवढी बदला.